मुरडलेले पान आणि विजयेचे निदान

विजयेच्या औषधी उपयोगाविषयी गेल्या काही वर्षांत जी चर्चा चालू आहे, तीत कायदा, व्यसन आणि व्यापार हे तीन विषय वारंवार येतात. ज्या वनस्पतीवर ही सारी चर्चा उभी आहे, तिच्या स्वतःच्या आरोग्याचा विषय मात्र क्वचितच निघतो. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्या एकाच लक्षणाचा विचार करणार आहोत. बंदिस्त खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात वाढविलेल्या विजयेच्या रोपांची पाने मुरडतात, कधी कडा वर उचलून द्रोणासारखी होतात, कधी टोके खाली वाकून पोपटाच्या चोचीसारखी दिसतात. हा प्रश्न माळ्याचा आहे, वैद्याचा नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या लक्षणाचे निदान चुकले आणि चुकीच्या निदानावर फवारणी झाली, तर तिचा परिणाम अखेर चूर्णाच्या मात्रेतून रुग्णापर्यंत पोहोचतो. म्हणून हा विषय औषधनिर्मात्यांच्या आणि चिकित्सकांच्या व्यासपीठावर यावा, असे आमचे मत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्यावाचून भांगेच्या झाडाची लागवड करणे हा दहा वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासाचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा अपराध आहे. मग ते झाड शेतात असो वा घरातील कुंडीत. त्याच कायद्याच्या व्याख्येतून फुलोऱ्याविरहित पाने आणि बिया वगळलेल्या आहेत. त्यामुळे पानांचे नियमन राज्यांच्या कायद्यांनुसार होते आणि परवानाधारक औषधनिर्मात्यास ती औषधासाठी वापरता येतात. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला; हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला; जम्मू येथील भारतीय एकात्मिक औषध संस्थेनेही या वनस्पतीवर संशोधन हाती घेतले आहे. तेव्हा प्रस्तुत विवेचन घरगुती लागवडीस उत्तेजन देण्यासाठी नाही. उद्या परवानाधारक बंदिस्त लागवडीतील माल आपल्या दाराशी आला तर आपण त्यास कोणते प्रश्न विचारावेत, एवढ्याचसाठी ते आहे.

पान हे त्यांचे मापक, आपले औषध

दिव्यांखालील लागवडीचे शास्त्र मुख्यतः नेदरलँड्स, कॅनडा आणि अमेरिकेतील काही राज्ये येथे विकसित झाले. नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषधालयातून वैद्यकीय चिठ्ठीवर हे द्रव्य मिळते, तर कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून त्याचा सर्वसाधारण वापरही कायदेशीर आहे. तेथील उत्पादकाचे सारे लक्ष फुलोऱ्यावर असते. फुलोरा सुकवून विकावयाचा, पाने छाटून टाकावयाची किंवा अर्क काढण्यास द्यावयाची, असा तेथील क्रम आहे. त्यामुळे पान हे त्यांच्या दृष्टीने यंत्रावरील काट्यासारखे असते. ते वळले की काही बिघडले हे कळते. बिघाड दुरुस्त झाला की त्या पानाचे प्रयोजन संपते.

आपली स्थिती नेमकी उलट आहे. जातीफलादि चूर्ण, मदनानंद मोदक, त्रैलोक्यविजया वटी यांसारख्या कल्पांत आपण जी भांग वापरतो, ती मुख्यतः पानांची. जे पान तेथे मापक आहे, तेच येथे औषध आहे. याचा एक गंभीर परिणाम असा की, तेथील उत्पादक 'फुलोरा येण्यापूर्वी फवारले, मग हरकत नाही' असा जो हिशेब करतो, तो आपल्याला लागू पडत नाही. त्याने फवारलेले पान फुलोरा येईपर्यंत जुने होऊन गळून गेलेले असते. आपण मात्र त्याच पानाची मागणी करीत असतो. परदेशातील पुस्तके आणि पत्रके जशीच्या तशी आणून त्यांवर आपली लागवड बेतली, तर हा भेद कोणाच्या लक्षातही येणार नाही.

रूप एक, हेतू अनेक

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी औषधी द्रव्य कसे असावे हे सांगताना काल, आतप, अग्नी, सलिल, पवन आणि जंतू यांनी ज्याचा गंध, वर्ण, रस, स्पर्श आणि प्रभाव बिघडलेला नाही असे द्रव्य घ्यावे, अशा आशयाचे विधान केले आहे. तेथे प्रसंग वनातील द्रव्यसंग्रहाचा आहे. दिव्यांच्या खोलीचा अर्थातच नाही. आधुनिक वनस्पतिरोगशास्त्र प्राचीनांना ज्ञात होते असा दावा करण्याचा मोह आम्हांला नाही. तथापि ही सहा पदे प्रश्नावली म्हणून हाती घेतली, तर मुरडलेल्या पानाची बहुतेक कारणे तीत बसतात, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

आतप आणि अग्नी प्रथम पाहू. दिवा रोपाच्या फार जवळ असला किंवा खोलीत उष्मा वाढला, तर पानाच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि पान पन्हळीसारखे दिसते. ही विकृती दिव्यालगतच्या शेंड्यांवर सर्वाधिक आणि खालच्या सावलीत अत्यल्प असते. स्थानाचा हा भेद हेच येथील निदानाचे मुख्य गमक होय. खोलीचे तापमान आणि पानाचे तापमान एक नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सोडियमच्या जुन्या दिव्यांखाली पान भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापू शकते. एलईडी दिव्यांखाली ते बहुधा हवेपेक्षा थोडे थंड राहते. म्हणून भिंतीवरचा तापमापक पाहून केलेले निदान फसवे ठरते.

पवनाचे दोन प्रकार आहेत. पंख्याचा झोत ज्या बाजूने येतो, त्याच बाजूची पाने वळली असतील, तर कारण उघड आहे. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे, तो रूक्षतेचा. २५ अंश सेल्सिअस तापमानास हवेतील संपृक्त बाष्पाचा दाब सुमारे ३.१७ किलोपास्कल असतो. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल तर बाष्पदाबाची तूट सुमारे ०.९५ किलोपास्कल येते. ५० टक्के असेल तर ती १.६ च्या घरात जाते. आणि आर्द्रता तेवढीच राहून तापमान ३० अंशांवर गेले की ती २.१ होते. ही तूट जितकी अधिक, तितकी हवा पानातून पाणी ओढून घेते. मुळे तो पुरवठा करू शकली नाहीत की पान स्वतःचे क्षेत्र कमी करण्यासाठी आत वळते. वातानुकूलन यंत्राने कोरड्या केलेल्या खोलीत हे नित्य घडते. मातीत पाणी भरपूर असूनही पान तहानलेले दिसते, ते यामुळेच.

सलिलाच्या बाबतीत अतियोग आणि हीनयोग ही दोन्ही कारणे पान खाली झुकवितात, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. पाणी कमी पडलेल्या रोपाचे पान पातळ, निर्जीव आणि कागदासारखे लागते. कुंडी उचलली तर हलकी असते. पाणी दिल्यावर काही तासांत पान उभारी धरते. पाणी अधिक झालेल्या रोपाचे पान जाड, ताठ आणि देठापासून खाली वळलेले असते. कुंडी जड असते. मुळांभोवतीची हवा नाहीशी झाल्याने तेथे घडणारे बदल एथिलीन या वायुरूप संप्रेरकाच्या मार्गाने देठांना खाली वाकवितात. आता हे दुसरे रोप कोमेजले आहे असे समजून त्यास आणखी पाणी देणारा माळी आणि आमातिसारात स्तंभन देणारा नवशिका चिकित्सक यांच्यात आम्हांला फारसा भेद दिसत नाही.

कालाचा विचार वय आणि प्रकाशकाल या दोन्ही अंगांनी करावा लागतो. ही वनस्पती दिवसाची लांबी कमी झाली की फुलावर येते. म्हणून बंदिस्त खोलीत बारा तास प्रकाश आणि बारा तास अखंड अंधार देऊन फुलोरा आणवितात. फुलावर आलेल्या रोपास पुन्हा दीर्घ प्रकाश मिळाला, किंवा अंधारात दिव्याची तिरीप पडत राहिली, तर नवी पाने गुळगुळीत कडांची, एकेरी आणि पिळवटलेली येतात. हा रोग नाही; रोपाने दिशा बदलल्याची ती खूण आहे. त्यावर कोणतेही औषध फवारणे निरर्थक होय.

जंतूंचा विषय महाराष्ट्रातील वाचकास परका वाटू नये. मिरचीवरील चुरडा-मुरडा, ज्यास काही भागांत बोकड्या म्हणतात, तो आपल्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा आहे. त्यात फुलकिडे असतील तर पाने वरच्या बाजूस होडीसारखी वळतात. पिवळा कोळी असेल तर ती खालच्या बाजूस, उलट्या होडीसारखी वळतात. आणि पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू असेल तर झाडच खुरटते. अनुभवी शेतकरी बांधावरून हा भेद करतो. मिरचीवरील हाच कोळी विजयेवरही येतो. तो सुमारे पाव मिलिमीटरहूनही लहान असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण शेंड्याची कोवळी पाने पिळवटतात आणि ओली असल्यासारखी चकाकतात. भांगेवरच आढळणारा दुसरा एक सूक्ष्म कोळी पानांच्या कडा लांबीच्या दिशेने वर गुंडाळतो. त्यामुळे दिव्याच्या उष्म्याने वर वळलेली कड आणि कोळ्याने वर वळलेली कड यांत नुसत्या रूपावरून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. तो दूर करण्याचे साधन भिंग हे आहे. वीसपट किंवा त्याहून अधिक मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय 'कीड आहे' असे म्हणू नये आणि 'कीड नाही' असेही म्हणू नये.

या सहा पदांपलीकडे दोन कारणे उरतात. पहिले पोषणाचे. नत्र अधिक झाले तर पान गडद हिरवे, तकतकीत होते आणि टोक खाली वाकते. पालाश कमी पडले तर जुन्या पानांच्या कडा करपून वळतात. कॅल्शियम कमी पडले तर नवी पाने सुरकुततात. कॅल्शियम रोपाच्या शरीरात एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, पालाश जाते. म्हणून एकाची उणीव कोवळ्या पानावर आणि दुसऱ्याची जुन्या पानावर प्रथम दिसते. मातीचा वा पाण्याचा सामू बिघडला असेल, तर द्रव्य उपलब्ध असूनही मुळे ते घेऊ शकत नाहीत. अशा वेळी खत वाढविणे म्हणजे अग्निमांद्यात बृंहण देणे होय.

दुसरे कारण संक्रमणाचे. बंदिस्त लागवड बहुधा एकाच मातृरोपाच्या फाट्यांपासून होते आणि त्यामुळे मातृरोपातील दोष सर्व संततीत उतरतो. हॉप वनस्पतीवरील सुप्त व्हायरॉइड भांगेवर असल्याचे कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये निश्चित झाले. तो कात्रीच्या पात्यावरूनही पसरतो, रोप खुरटते, राळ कमी होते आणि पुष्कळदा बराच काळ कोणतेही रूप दिसत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातील उघड्या शेतांत बीटवरील पर्णगुच्छाचा विषाणू तुडतुड्यांच्या मार्गे भांगेवर येऊन पाने मुरडवितो. यांचे निदान डोळ्यांनी होत नाही. प्रयोगशाळेतील जनुकीय परीक्षाच करावी लागते. त्यावर चिकित्साही नाही; बाधित रोप नष्ट करणे एवढाच मार्ग आहे.

उपशयाचे महत्त्व

इतकी कारणे पाहिल्यावर कोणाही चिकित्सकास आपल्या निदानपंचकाची आठवण होईल. रूप सर्वांना दिसते. हेतू शोधावा लागतो. संप्राप्ती समजून घ्यावी लागते. आणि जेथे रूपे संदिग्ध असतात, तेथे उपशय-अनुपशयाने निर्णय करावा लागतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात शीत, वात आणि आतप यांपासून वृक्षांना रोग होतात असे सांगून पांडुपत्रता, पालवीची वाढ खुंटणे, फांद्या वाळणे आणि रसस्राव ही लक्षणे दिली आहेत. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात वृक्षरोगांची वात, पित्त, कफ अशी विभागणी आहे. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवून १९९६ मध्ये सिकंदराबादच्या आशियाई कृषी-इतिहास प्रतिष्ठानाने ते भाषांतरासह प्रसिद्ध केले. या ग्रंथांचा आम्हांला अभिमान आहे. पण त्यांतील दोषवर्गीकरण दिव्यांच्या खोलीतील रोपाला चिकटविले म्हणजे निदान झाले, असे आम्ही मानत नाही. 'वातप्रकोप' असे नाव दिल्याने पंखा दूर करावा, आर्द्रता वाढवावी की कोळी शोधावा, याचा निर्णय होत नाही. परंपरेतून घेण्यासारखी गोष्ट आहे ती निदानाची शिस्त.

ती शिस्त पुढीलप्रमाणे आचरणात आणता येते. पान नवे की जुने, वळण वर की खाली, विकृती एका रोपावर की सर्व खोलीत, दिव्याजवळ की दाराजवळ, पाणी दिल्यानंतर की आधी, या पाच प्रश्नांची उत्तरे प्रथम लिहून काढावीत. नंतर भिंगाने तपासणी करावी. मग सामू, क्षारांचे प्रमाण, तापमान आणि आर्द्रता मोजावी. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि वाट पाहावी. येथे एक सूक्ष्म गोष्ट विसरली जाते. जे पान वाढीच्या काळातच पिळवटले, ते कारण दूर झाल्यावरही सरळ होत नाही. बरे वाटले की नाही, हे पुढे फुटणाऱ्या कोवळ्या पानांना विचारावयाचे असते. जुन्या पानाकडे पाहत 'गुण आला नाही' म्हणून दुसरे, तिसरे, चौथे द्रव्य ओतणारा मनुष्य अखेर चार हेतू एकत्र करतो. मग निदान कोणालाच करता येत नाही. रात्री एक आणि सकाळी दुसरे औषध बदलणाऱ्या रुग्णाची अवस्था आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

चिकित्सेतून येणारे विष

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वळलेले पान हे स्वतः विष नव्हे. उष्म्याने किंवा वाऱ्याने वळलेल्या पानाचे चूर्ण केले तर गुणात उणीव येईल, पण तेवढ्याने रुग्णास इजा होईल असे मानण्याचे कारण नाही. इजा होते ती त्या पानावर झालेल्या अनाठायी चिकित्सेने. कड वर वळली, ती दिव्यामुळे वळली. माळ्याने ती कोळ्यामुळे वळली असे समजून अबामेक्टिन फवारले. हे द्रव्य पानाच्या पृष्ठावर न राहता आतील पेशीस्तरांत शिरते. म्हणूनच कोळ्यांवर ते प्रभावी असते, आणि म्हणूनच पान धुतल्याने ते जात नाही. दिवा तसाच राहिल्याने पान पुन्हा वळते आणि पुन्हा फवारणी होते.

हे भय काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. कॅनडात २०१६ आणि २०१७ च्या सुमारास परवानाधारक उत्पादकांच्या वैद्यकीय मालात मायक्लोब्युटॅनिल या भुरीवरील बुरशीनाशकाचे अंश आढळले आणि माल परत मागवावा लागला. हे द्रव्य तापविले असता विषारी हायड्रोजन सायनाइड निर्माण होते आणि तो माल धूम्रपानासाठी वापरला जात होता, हे येथे ध्यानात घ्यावे. तेथील शासनाने त्यानंतर तपासणी कडक केली आणि जानेवारी २०१९ पासून कीटकनाशकांच्या अंशांची चाचणी अनिवार्य केली. जेथे परवाने, निरीक्षक आणि प्रयोगशाळा मुबलक होत्या तेथे हे घडले. आपल्याकडे मात्र पुष्कळदा पानांची गोणी अडत्यामार्फत येते आणि तिच्यासोबत तिचा इतिहास येत नाही.

काही वैद्यमित्र म्हणतील, आपण विजया शोधन करूनच वापरतो. मग चिंता कशाची? या आक्षेपाचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. पानांतील हिरवा अंश जाईपर्यंत ती पाण्याने धुणे, सुकविणे, गोघृतावर परतणे, अथवा दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन करणे, ही शोधने द्रव्याच्या स्वाभाविक तीव्रतेसाठी सांगितली आहेत. पेशींत शिरलेल्या, पाण्यात फारसे न विरघळणाऱ्या कृत्रिम कीटकनाशकासाठी ती योजलेली नाहीत. प्रत्यक्ष परीक्षणाने सिद्ध होईपर्यंत शोधनाने ते निघून जाते असे रुग्णाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. शार्ङ्गधराचार्यांनी भांगेला व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून दिले आहे. पचनापूर्वीच सर्व शरीरात पसरणाऱ्या द्रव्याबरोबर आणखी काय पसरते, याविषयी आपण अधिकच सावध असावयास हवे.

दुसरा आक्षेप असा येईल की, अखेरीस प्रयोगशाळेची चाचणी आहेच. ती अवश्य असावी; शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांच्या मर्यादा आपल्या औषधकोशात आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. ही वनस्पती मातीतील जड धातू शोषून घेते, म्हणून तर त्या विशेष महत्त्वाच्या आहेत. पण प्रयोगशाळा जे शोधावयास सांगावे तेच शोधते. कोणते द्रव्य कधी फवारले हे ठाऊक नसेल, तर कोणती चाचणी मागावयाची हे औषधनिर्माता कसे ठरविणार? शिवाय वाळलेले प्रत्येक पान मुरडतेच. गोणीतील पान जिवंतपणी वळलेले होते की वाळताना वळले, हे नंतर कोणीही सांगू शकत नाही. या लक्षणाचे निदान रोप जिवंत असतानाच होऊ शकते आणि त्याची लेखी नोंद हाच आपल्याला मिळणारा एकमेव पुरावा आहे.

आमच्या सूचना

या विवेचनावरून पुढील सूचना आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

पहिली, विजयेची पाने खरेदी करणाऱ्या प्रत्येक औषधनिर्मात्याने पुरवठादाराकडे परवान्याच्या प्रतीसोबत लागवडीची नोंदवही मागावी. तीत पाने वळल्याची प्रत्येक घटना, तिची तारीख, केलेले निदान, केलेला उपाय, फवारलेल्या द्रव्याचे नाव आणि तोडणीपूर्वीचे अंतर एवढे तरी असावे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी २००३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशा नोंदींवर भर आहे. 'काहीही झाले नाही' असे लिहिलेली नोंदवही आम्ही संशयास्पद मानू, कारण ज्या खोलीत पान कधीच वळले नाही अशी खोली आम्हांला माहीत नाही.

दुसरी, पाने अखंड स्वरूपातच घ्यावीत, तयार चूर्ण घेऊ नये. अखंड पानावर कोळ्यांची जाळी, कात आणि अंडी भिंगाने शोधता येतात. चूर्णात सूक्ष्मदर्शकाखाली द्रव्याची ओळख पटते, पण त्याचे चरित्र हरवते.

तिसरी, बंदिस्त लागवडीतून पाने घ्यावयाची असल्यास ती पानांसाठीच केलेली लागवड असावी. फुलोऱ्यासाठी वाढविलेल्या रोपांची छाटणी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. त्या पानांवर कोणते संस्कार झाले ते त्यांच्या उत्पादकाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे होते. शिवाय छाटणीत फुलोऱ्याचा अंश राहिला, तर कायद्याने दिलेली पानांची सूटही उरत नाही.

चौथी सूचना शिक्षणाविषयी. पान वळण्याचे निदान शिकण्यासाठी विजयेचे एकही रोप लावण्याची आवश्यकता नाही, आणि कोणी तसे करूही नये. मिरची, तुळस, अश्वगंधा यांच्यावर हे सर्व शिकता येते. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथे आपली कृषी विद्यापीठे आहेत. तेथील कीटकशास्त्र व वनस्पतिरोगशास्त्राच्या अध्यापकांना आपल्या संघटनेने निमंत्रण द्यावे आणि द्रव्यगुणाच्या अध्यापकांसह एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे. ज्या औषधनिर्मात्याने मिरचीच्या पानाखालचा कोळी एकदा स्वतः पाहिला, तो पुरवठादाराला योग्य प्रश्न विचारू लागेल.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भांगेला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक सूचीतून वगळले. तेव्हापासून जगभर या द्रव्याच्या औषधी उपयोगाकडे नव्या दृष्टीने पाहिले जात आहे आणि आपल्या शास्त्राकडेही अपेक्षेने पाहिले जात आहे. अशा वेळी आपल्या कल्पांत एखाद्या कोळीनाशकाचे अंश आढळले, तर दोष माळ्यावर जाणार नाही. तो विजयेवर आणि आयुर्वेदावर येईल, आणि ग्रहणीने कृश झालेल्या ज्या रुग्णाने विश्वासाने चूर्ण घेतले, त्याच्या हानीची भरपाई कोणत्याही खुलाशाने होणार नाही. आपल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना कायद्यानेच छापावयास लावली आहे, कारण विजया अनुसूचीतील विषद्रव्यांत गणली जाते. ती देखरेख पान झाडावर असल्यापासून सुरू झाली पाहिजे, असे आमचे मत आहे. या सूचनांवर सभासदांनी आपले अनुभव आणि मतभेद पुढील अंकासाठी अवश्य लिहून कळवावेत, अशी विनंती आहे.